बाळाचं दचकणं आणि नसलेल्या ब्रेकवर जाणारा माझा पाय: उपजत काय आणि शिकलेलं काय?

रानजाई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं विचारून टाकते. माझा मुलगा आता अडीच महिन्यांचा होतोय. ओट्यावरून झाकण पडलं किंवा कोणी दार आपटलं की तो दोन्ही हात एकदम बाहेर फेकतो, बोटं पसरतो, मग हात मिठी मारल्यासारखे छातीशी आणतो आणि भोकाड पसरतो. सासूबाई म्हणतात पोर घाबरट निघणार, त्या दृष्ट काढतात, काढू देत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. डॉक्टर म्हणाले हा रिफ्लेक्स आहे, असायलाच हवा, काही महिन्यांनी आपोआप जाईल. तळहातात बोट ठेवलं की इतकं घट्ट धरतो की एकेक बोट सोडवावं लागतं, आणि झोपेत हसला की घरात सगळे म्हणतात सटवाई खेळवतेय.

दुसरी गोष्ट माझी. नवरा गाडी चालवत असतो, मी शेजारी, घाटात पुढचा ट्रक जरा हळू झाला की माझा उजवा पाय खाली मॅटवर दाबला जातो, तिथे ब्रेक नाहीये हे पक्कं माहीत असून. बहिणीला गाडी येत नाही, ती त्याच सीटवर बसते तेव्हा तिचा पाय जागचा हलत नाही, ती वरचं हँडल पकडते. म्हणजे हे मला गाडी शिकल्यावरच लागलेलं आहे ना?

आणि तिसरं, चिंच. आत्ता नुसतं टाइप केलं तरी तोंडाला पाणी सुटलं.

शाळेत प्रतिक्षिप्त क्रिया शिकलोय, गरम वस्तूला हात लागला की मेरुरज्जू परस्पर हुकूम देतो, ती आकृती काढून मार्कही मिळवलेत, पण या तिन्ही गोष्टी त्या आकृतीत कुठे बसतात ते समजत नाही. भाचा दहावीला आहे, त्यालाही हेच पडलंय. यातलं जन्मतः काय आणि शिकलेलं काय, शिकलेलं जन्मजाताइतकं पक्कं होऊ शकतं का, आणि जन्मजात असलेलं बदलतं का? ज्यांना माहीत आहे त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज, वाचायला रात्री वेळच वेळ असतो, पोरगं जागं असतं.

---

खडूफळा

ताई, फार चांगला प्रश्न. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो, आणि हा धडा घाईत उरकला जातो याचं मला दरवर्षी वाईट वाटतं, म्हणून जरा लांब लिहितोय.

आधी ती आकृती. तव्याला बोट लागलं की त्वचेतून संवेदी चेतापेशी निरोप घेऊन मेरुरज्जूत येते, तिथे मधली चेतापेशी तो प्रेरक चेतापेशीला देते आणि स्नायू आखडून हात मागे येतो. 'भाजलं' हे मेंदूला कळायच्या आधी हात निघालेला असतो. इथपर्यंत पुस्तकात आहे. पण वेदनेच्या तारा दोन प्रकारच्या असतात हे मुलांना कोणी सांगत नाही. एक जरा जलद, सेकंदाला पाच ते तीस मीटर वेगाची, दुसरी अगदी संथ, सेकंदाला साधारण एक मीटर. पायाचं बोट पलंगाच्या पायाला आपटलं की आधी एक टोकदार कळ येते, मग क्षणभर काही नाही, आणि मग ती खोल ठणकणारी कळ येते, तो मधला क्षण म्हणजे संथ तारांमधून निरोप पावलापासून डोक्यापर्यंत चढायला लागलेला वेळ. आमच्या वर्गात हे सांगितलं की प्रत्येकाला आपापलं आपटलेलं बोट आठवतं.

आता यातली खरी कमाल. हात मागे घेताना एक स्नायू आखडतो एवढंच होत नाही, त्याच्या विरुद्ध बाजूचा स्नायू त्याच वेळी सैल सोडावा लागतो, नाहीतर दोघं एकमेकांशी ओढाताण करत बसतील. हे चार्ल्स शेरिंग्टन नावाच्या इंग्लिश शास्त्रज्ञाने नीट उलगडून दाखवलं, १९३२ चं नोबेल त्यांना आणि एड्रियनना मिळून मिळालं. आणि अनवाणी चालताना बाभळीचा काटा लागला तर? काटा लागलेला पाय वर उचलला जातो आणि त्याच क्षणी दुसरा पाय ताठ होऊन अख्ख्या शरीराचं वजन घेतो, नाहीतर माणूस तिथेच कोसळेल. तुम्ही ठरवलेलं नसतं, कोणी शिकवलेलं नसतं, मेरुरज्जूतच ही जोडणी तयार असते. याला उपजत म्हणायचं.

पण "यात मेंदूचा काही संबंध नाही" असं जे पाठ करून घेतलं जातं ते अर्धंच खरं आहे. घरी करून बघा. पाय लोंबकळत टेबलावर बसा, गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायूच्या दोरीवर (कंडरेवर) कोणालातरी हलकेच टिचकी मारायला सांगा, पाय उडतो (हे १८७५ मध्ये एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी वेगवेगळं नोंदवलं, आणि इथे मधली चेतापेशीसुद्धा नसते, संवेदी थेट प्रेरक पेशीला भिडते). आता दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात बाहेर ओढा आणि ओढत असतानाच पुन्हा टिचकी मारायला सांगा. पाय जास्त जोरात उडतो. टिचकी तीच, वाट तीच. म्हणजे हुकूम मेरुरज्जूचा असला तरी त्याचा आवाज किती मोठा ठेवायचा ते बटण वर मेंदूकडे आहे.

तुम्हा बायकांना तर याचं उदाहरण द्यायलाच नको. दुधाचं तापलेलं पातेलं फडक्यातून निसटायला लागलंय, बोटं भाजतायत, आणि खाली पायाशी मूल रांगतंय. अशा वेळी आई पातेलं सोडत नाही, ओट्यावर टेकवते आणि मग हात झटकते. हात मागे घेण्याची उपजत क्रिया मेंदूने वरून दाबून धरलेली असते.

चिंचेचं उत्तर सगळ्यात सोपं. आंबट जिभेवर पडलं की लाळ सुटते, हे उपजत. 'चिंच' हा शब्द ऐकून, वाचून किंवा टाइप करून लाळ सुटते, हे शिकलेलं. रशियातले इव्हान पाव्हलोव्ह पचनावर काम करत होते, १९०४ चं नोबेलही त्यांना पचनाच्याच कामासाठी मिळालं, आणि त्या कामात त्यांच्या लक्षात आलं की कुत्र्यांना अन्न तोंडात पडायच्या आधीच, अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागली तरी लाळ सुटतेय. मग त्यांनी मुद्दाम मेट्रोनोमचा ठोका, बझर असले अन्नाशी काही संबंध नसलेले आवाज अन्नाच्या आधी वाजवले, काही वेळा असं झाल्यावर नुसत्या आवाजाने लाळ आली. पुढचा भाग मात्र लोक विसरतात. आवाज केला आणि अन्न दिलंच नाही, असं पुन्हा पुन्हा केलं तर लाळ कमी होत होत थांबते. आणि मग कुत्र्याला विश्रांती देऊन काही वेळाने तोच आवाज पुन्हा केला की लाळ परत येते. म्हणजे शिकलेलं पुसलं गेलेलं नसतं, त्यावर फक्त दुसरी शिकवण चढलेली असते.

भाच्याला एवढं नक्की सांगा की शिकलेली क्रिया हवेत उभी राहत नाही. लाळ सुटण्याची यंत्रणा जन्मजात आहे, शिकलोय ते फक्त ती कशाने सुरू करायची एवढंच.

---

शुभ्रकमळ

रानजाई ताई, मी नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात सिस्टर आहे, त्यामुळे बाळाबद्दल मी लिहिते.

तो हात फेकण्याचा रिफ्लेक्स म्हणजे मोरो, एर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञांनी १९१८ मध्ये वर्णन केलेला. मोठा आवाज झाला किंवा डोकं एकदम मागे गेल्यासारखं झालं की होतो. साधारण चार ते सहा महिन्यांत जातो. सासूबाईंना सांगा याचा घाबरट असण्याशी काही संबंध नाही, उलट तो दिसला नाही तर आम्हाला काळजी वाटते. आम्ही बघतो ते दोन्ही हात सारखे उडतात का. एकच हात उडाला तर बाळंतपणात गळपट्टीचं हाड किंवा खांद्याची नस दुखावली आहे का ते तपासावं लागतं.

बोट धरण्याचा रिफ्लेक्सही पाच-सहा महिन्यांत जातो आणि जायलाच हवा, कारण तो असेपर्यंत बाळाला हातातली वस्तू आपल्या मनाने सोडता येत नाही, आणि खुळखुळा या हातातून त्या हातात घ्यायचा तर आधी सोडता यायला हवं ना. गालाला काही लागलं की त्या बाजूला तोंड वळवणं, ओठाला लागलं की चोखणं, हेही जन्मजात. तळपायावर बाहेरच्या कडेने टाचेकडून वर रेघ ओढली की बाळाचा अंगठा वर जातो, बाकीची बोटं पसरतात, बाबिन्स्कींनी १८९६ मध्ये हे सांगितलं. वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षांपर्यंत हे नॉर्मल असतं, पण मोठ्या माणसात अंगठा वर गेला तर मेंदूकडून खाली येणाऱ्या वाटेवर कुठेतरी इजा आहे असं समजायचं. म्हणजे जन्मजात रिफ्लेक्स आतमध्ये राहतो, वरून मेंदू त्याला झाकून ठेवतो, आणि ते झाकण गेलं की तो पुन्हा बाहेर येतो, अर्धांगाच्या पेशंटमध्ये हे दिसतं.

पावलं टाकण्याचं तर मला फार आवडतं. नवजात बाळाला काखेत धरून पाय जमिनीला टेकवले की ते एकेक पाऊल टाकतं, आणि दोन महिन्यांच्या आसपास हे बंद होतं. पूर्वी समजूत होती की मेंदू मोठा झाला की हा रिफ्लेक्स दाबला जातो. १९८४ मध्ये एस्थर थेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावलं टाकणं कमी झालेल्या बाळांना छातीपर्यंत कोमट पाण्यात उभं धरलं तर बाळं पुन्हा पावलं टाकायला लागली! बाळसं धरलेलं असतं, मांड्या जड झालेल्या असतात, ताकद तेवढी वाढलेली नसते, पाण्यात वजन हलकं झालं की पाय परत उचलले जातात.

झोपेतलं हसू जन्मापासूनच असतं, ते कोणाकडे बघून नसतं. तुमच्याकडे बघून, तुमच्या आवाजाला हसणं सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान सुरू होतं, म्हणजे तुमच्याकडे आता ते सुरू झालेलं असेल किंवा होईलच. सटवाईचं कौतुक करणाऱ्यांना करू दे, त्याने बाळाला काही होत नाही.

आणखी एक, डोळ्याचं. डोळ्याला काही लागलं की पापणी मिटणं जन्मजात आहे, पण डोळ्यासमोर हात झपकन आणला की मिटणं हे बाळ पुढे काही महिन्यांत शिकतं, त्याचा रस्ता मेंदूच्या वरच्या भागातून जातो. त्यामुळे "समोर हात नेला तरी डोळे मिटत नाही, दिसत नाही की काय" असं घाबरून विचारणाऱ्या आया आमच्याकडे येतात. या वयात बघायचं ते तुमच्या चेहऱ्याकडे बघतं का, चेहरा हळू बाजूला नेला की नजर मागे येते का.

आपल्या आज्या जे पूर्वापार करतात तेही सांगते. बाळाला पायांवर धरून "शूऽऽ" आवाज करायचा. लघवी होणं ही बाळाची पूर्ण उपजत क्रिया, मूत्राशय भरलं की होते. पण दर वेळी होताना तोच आवाज कानावर पडला की काही दिवसांनी नुसत्या आवाजावर बाळ शू करायला लागतं. खडूफळा सरांनी सांगितलं तेच हे, आणि आपल्याकडे पाव्हलोव्हचं नाव कोणी ऐकायच्या आधीपासून चालू आहे.

आता एक मात्र अगदी कळकळीने सांगायचंय. मोरो आवाजाने किंवा धक्क्याने होतो, एकदाच होतो. पण काहीच आवाज नसताना, विशेषतः झोपेतून उठल्यावर, बाळ पुन्हा पुन्हा, एकामागोमाग एक, काही सेकंदांच्या अंतराने हात-मान आत ओढून आखडत असेल, तर ते दचकणं समजून घरी थांबू नका. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तो झटक्यांचा एक प्रकार असू शकतो आणि त्यात उपचार लवकर सुरू होण्याला फार महत्त्व आहे, बहुतेक वेळा तीन महिन्यांनंतर आणि पहिल्या वर्षातच दिसतो. दचकून सारखी झोप मोडत असेल तर दुपट्यात गुंडाळायला हरकत नाही, पण कमरेखाली सैल, पाय बाहेरच्या बाजूला मोकळे हलले पाहिजेत, झोपवायचं पाठीवरच, आणि कुशीवर वळायचा प्रयत्न दिसायला लागला की गुंडाळणं बंद.

---

स्टेपनी

मी ड्रायव्हिंग शिकवतो, पायाबद्दल बोलू शकतो.

तुमचा पाय दाबला जातो ते शंभर टक्के शिकलेलं आहे, बहिणीचं हँडल पकडणं हे उपजताच्या जवळचं. दचकलं की माणूस मूळचा काय करतो, मान आत, खांदे वर, हातात असेल ते घट्ट धरायचं, सगळं अंग आखडतं, आणि हे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत सुरू होतं. आता हेच नवीन शिकणाऱ्याला स्टिअरिंगवर झालं तर? हात स्टिअरिंगला करकचून, पाय ताठ, आणि उजवा पाय त्या वेळी अ‍ॅक्सिलरेटरवर असला तर गाडी थांबायच्या ऐवजी उसळी मारते. "घाबरून अ‍ॅक्सिलरेटर दाबला" अशा बातम्या आपण वाचतो आणि त्या माणसाला नावं ठेवतो, पण त्याच्या अंगाने जे जन्मापासून येतं तेच केलं, नवीन सवय त्याच्यावर बसायला वेळच मिळालेला नव्हता. म्हणून आम्ही पहिल्या दिवसापासून एकच घोकतो, पाय अ‍ॅक्सिलरेटरची गरज नसेल तेव्हा ब्रेकवर, ब्रेकवर, ब्रेकवर. दाबायचा नाही, नुसता वर ठेवायचा.

पण शिकलेलं कितीही पक्कं झालं तरी तव्यावरच्या हाताइतकं जलद होत नाही बरं का. डोळ्याने बघायचं, मेंदूने ओळखायचं, मग पाय. रस्त्यावर अचानक काही आडवं आलं तर पाय ब्रेकवर पोचायला एक ते दीड सेकंद धरतात. ताशी ६० ने जाणारी गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते, म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात व्हायच्या आधीच गाडी १७ ते २५ मीटर पुढे गेलेली असते, आणि हा चांगल्या जाग्या माणसाचा हिशोब आहे, मोबाइल बघणाऱ्याचा नाही.

आणि पक्कं झालेलं जात नाही याचंही सांगतो. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असायचा. ज्यांची अर्धी हयात त्या गाडीवर गेली ते लोक नवीन गाडी घेतात, महिनोन्महिने मस्त चालवतात, आणि एक दिवस कुत्रं आडवं येतं तर डावा पाय खाली दाबला जातो, तिथे आता गिअर आहे. शांतपणे चालवताना नवीन शिकलेलं चालतं, घाबरलं की सगळ्यात जुनं वर येतं. ऑटोमॅटिक गाडी घेणाऱ्यांचंही तसंच, डावा पाय क्लच समजून रुंद ब्रेकवर जोरात पडतो आणि मागचा येऊन धडकतो. त्यांना आमचं सांगणं एवढंच की पहिले काही आठवडे डावा पाय बाजूला जो आडवा फूटरेस्ट असतो त्यावर रेटून ठेवा आणि मोकळ्या रस्त्यावर मुद्दाम अचानक थांबायची प्रॅक्टिस करा, मागे कोणी नाही बघून. साधं चालवून चालवून अचानक थांबणं शिकता येत नाही.

---

तिसरी_स्लिप

स्टेपनी दादांच्या मुद्द्याला जोडून. क्रिकेटमध्ये स्लिपचा कॅच घेतला की कॉमेंटेटर लगेच रिफ्लेक्स म्हणतो, पण तो मेरुरज्जूचा खेळ अजिबात नाही. ताशी १४० किमीचा बॉल हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत जेमतेम अर्ध्या सेकंदात येतो, बघून हातात बदल करायलाच साधारण ०.२ सेकंद जातात. उरलं काय! मग चांगला बॅट्समन करतो ते असं की तो बॉल सुटायच्या आधीच बोलरचा हात, मनगट, खांदा वाचत असतो, ते हजारो बॉल खेळून आलेलं असतं. अ‍ॅथलेटिक्समध्ये तर नियमच आहे की बंदुकीच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत धावपटू निघाला तर फॉल्स स्टार्ट, कारण आवाज ऐकून इतक्या लवकर निघता येत नाही, अंदाजानेच निघाला असणार असं धरतात.

मी छोट्या मुलांना शिकवतो त्यात मला उलटं जाणवतं. अंगावर बॉल आला की पोरगं डोळे मिटतं आणि पाय लेगला काढतं. हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. आमचं अर्धं कोचिंग म्हणजे हे जे आपोआप होतं ते न होऊ देणं, आधी टेनिस बॉल, हळू, जवळून, रोज, मग वेग वाढवायचा. ओरडून ते जात नाही, उलट वाढतं, हे काही पालकांनी मैदानाच्या कडेला उभं राहताना लक्षात घ्यावं ही मनापासून विनंती.

---

रानजाई

बापरे, किती छान लिहिलंय सगळ्यांनी, सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं, "शू"चं ऐकून त्या खूश झाल्या. शुभ्रकमळ ताई, व्हिडिओचं लक्षात ठेवलंय, याचं तरी आवाजानेच होतं आणि एकदाच होतं.

एक राहिलं. माझ्या आईने नवीन प्रोग्रेसिव्ह चष्मा केलाय आणि मान वळवली की जमीन हलल्यासारखी वाटते म्हणते, चष्मा काढून ठेवते. दुकानातला म्हणतो सवय होईल. हे पण यातलंच काही आहे का? आणि पोरगं सारखा आवाज झाला की दचकायचं कमी होतं ते का?

---

खडूफळा

हो, हे यातलंच, आणि तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. मोबाइल स्थिर धरा आणि मान डावी-उजवीकडे भराभर हलवत वाचा. वाचता येतं. आता मान स्थिर ठेवा आणि मोबाइल तेवढ्याच वेगाने हलवा. अक्षरं पुसट. पहिल्या वेळी कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं किती आणि कुठे फिरलं ते थेट डोळ्यांच्या स्नायूंना सांगतात आणि डोळे बरोबर उलट्या दिशेने तेवढेच फिरतात, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. इतकी जलद आणि उपजत क्रिया. पण नवीन चष्म्याने समोरचं लहान-मोठं दिसायला लागतं, मग डोळे पूर्वीइतकेच फिरले तर हिशोब चुकतो आणि जमीन हलते. ती चूक अनुमस्तिष्काला (मेंदूच्या मागच्या लहान भागाला) कळत राहते आणि काही दिवसांत तो हे प्रमाण नवीन करून देतो. म्हणजे जन्मजात क्रिया आयुष्यभर शिकत असते. पण चूक कळायला चष्मा डोळ्यावर हवा ना, सारखा काढ-घाल केली तर सवय लांबते. आईंना सांगा घरात सकाळपासून लावून ठेवा, मान मोकळी हलू द्या, फक्त जिना उतरताना हनुवटी खाली घेऊन वरच्या भागातून पायरी बघा आणि कठडा धरा, कारण त्या काचेचा खालचा भाग वाचनासाठी असतो. दोन-तीन आठवड्यांनी तसंच वाटत असेल तर नंबर आणि फिटिंग पुन्हा तपासून घ्या.

बाळाचं दचकणं कमी होतं तेही शिकणंच. एरिक कँडेल यांनी हे कसं होतं ते समुद्री गोगलगायीवर शोधलं, तिच्या चेतापेशी साधारण २० हजारच, त्यामुळे एकेक पेशी ओळखता येते. हलकेच स्पर्श केला की ती कल्ला आत ओढते, तोच स्पर्श पुन्हा पुन्हा केला की ओढणं कमी होतं, कारण संवेदी पेशी पुढच्या पेशीकडे रसायन कमी सोडायला लागते. शेपटीला शॉक दिला की उलट होतं, साध्या स्पर्शालाही ती जोरात आखडते. २००० सालच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. मेंदू म्हणावा असा मेंदू नसलेल्या जीवातही उपजत क्रिया अनुभवाने बदलते हे डोळ्यांनी दिसलं.

---

भाकरतुकडा

वाचत होतो गप्प, पण माझं एक विचारायचंय. लहानपणी एकदा एकादशीला भगर खाल्ली आणि रात्री प्रचंड उलट्या झाल्या. घरात तीच भगर सगळ्यांनी खाल्ली होती, कोणाला काही झालं नाही, मला तेव्हा ताप होता हे आईने नंतर सांगितलं. तरी आजही भगरीचा वास आला की मळमळतं. कुत्र्याला पुन्हा पुन्हा शिकवावं लागलं, मला एकदाच कसं पुरलं? आणि विचारण्याचं कारण, वडिलांची केमो सुरू होतेय पुढच्या आठवड्यात, शेजारचे म्हणतात केमोला जाताना त्यांच्या आवडीचं भरपूर खायला घाल.

---

खडूफळा

पहिल्या भागाचं सांगतो. जॉन गार्सिया यांनी १९५५ मध्ये उंदरांना गोड पाणी पाजून किरणोत्सर्ग दिला, उंदीर आजारी पडले आणि पुढे त्या गोड पाण्याला तोंड लावेनात. एकदाच पुरतं, आणि खाणं नि आजार यात काही तासांचं अंतर असलं तरी चालतं. १९६६ मध्ये त्यांनी आणखी दाखवलं की मळमळ चवीला चिकटते, दिव्याच्या उजेडाला किंवा आवाजाला चिकटत नाही, आणि शॉक दिला तर उलट, तो उजेड-आवाजाला चिकटतो, चवीला नाही. म्हणजे तुमचं भगरीचं शिकलेलं आहे, पण कशाची सांगड कशाशी लवकर घालायची हा कल जन्मजात आहे. तुम्हाला ताप होता हे माहीत असूनही मळमळ जात नाही कारण हे शिकणं विचाराच्या वाटेने झालेलंच नाही. केमोचं मात्र शुभ्रकमळ ताईंनी सांगावं.

---

शुभ्रकमळ

भाकरतुकडा दादा, शेजाऱ्यांचं मन चांगलं आहे पण कृपया तसं करू नका. केमोच्या आधी आणि त्या दिवशी आवडीचा पदार्थ दिला आणि नंतर मळमळ झाली तर नेमका तोच पदार्थ कायमचा नकोसा होऊ शकतो, मग बरं वाटेल त्या दिवसांत पोटात काय घालायचं हा प्रश्न पडतो. मी पूर्वी कॅन्सर वॉर्डात होते, तिथे पुरणपोळी जिवापाड आवडणाऱ्या आजींना तिचं नाव नको झालेलं मी पाहिलंय. त्या दिवशी साधं, कमी वासाचं, थोडं थोडं द्या, रोजच्या खाण्यातलंच पण ज्यावाचून त्यांचं अडत नाही असं. एरवी ते खात नाहीत अशा वेगळ्याच चवीची गोळी, उदाहरणार्थ आल्याची, जेवण आणि केमो यांच्या मधल्या वेळात चघळायला देऊन बघा, पुष्कळदा नावड त्या गोळीला चिकटते आणि जेवण वाचतं. डायबिटिस असेल किंवा तोंड आलं असेल तर गोळीचं आधी डॉक्टरांना विचारा. उलटीचं औषध केमोच्या आधी द्यायचं असतं, त्याची वेळ डे-केअरच्या सिस्टरकडून लिहून घ्या आणि बरं वाटतंय म्हणून डोस चुकवू नका. काहींना पुढे पुढे हॉस्पिटलच्या वासानेच, सुई लागायच्या आधीच मळमळायला लागतं, तसं झालं तर मनाचे खेळ म्हणून सोडू नका, पुढच्या वेळेआधी डॉक्टरांना सांगा, त्यासाठी वेगळी गोळी देता येते. त्यांना आवडतं ते केमोनंतर चार-पाच दिवसांनी, तोंडाला चव आली की करा.